‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला कुळवृत्तान्तावरचा लेख वाचला आणि राहवले नाही.

माझी मुलगी मॅसॅच्युसेट्समध्ये असते. जावई तिथलाच, सतराव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या घराण्यातला. नातवाला शाळेसाठी वंशवृक्ष करायचा होता. आमच्या बाजूच्या सात पिढ्या मी तोंडपाठ सांगितल्या. जावयाच्या बाजूची वंशावळ इंटरनेटवर आयती सापडली, तीही थेट १६२० साली इंग्रज वसाहतकऱ्यांना घेऊन अमेरिकेत आलेल्या ‘मेफ्लॉवर’ जहाजापर्यंत! घरात आनंदीआनंद. मला मात्र चैन पडेना. भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षे काढली. सात-बारावर नाव दिसले तरी फेरफार पाहिल्याशिवाय मी पुढे गेलो नाही.

तिथे कागदांची ददात नाही. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने जन्म, लग्न, मृत्यू नोंदवण्याचा हुकूम १६३९ सालीच काढला होता. कितीतरी गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी पुढे पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. त्यातले जावयाच्या पूर्वजांच्या गावाचे पुस्तक वाचनालयात मिळाले. जावयाच्या पूर्वजाच्या नावापुढे ‘ज्युनियर’ होते, म्हणून कोणीतरी त्याला त्याच गावातल्या ‘सीनियर’चा मुलगा ठरवून टाकले होते. पण त्या काळी एका गावात एकाच नावाचे दोघे असले, की थोरल्याला सीनियर आणि धाकट्याला ज्युनियर म्हणत. ते काका-पुतणे असू शकत, कधी एकमेकांचे कोणीही नसत.

खरे आई-बाप त्याच पानावर होते. त्यांना वगळले ते एका तारखेमुळे. लग्न एप्रिल १७१२, मुलाचा जन्म फेब्रुवारी १७१२. लग्नाआधीच मूल कसे, म्हणून ते नाव बाद! १७५२ पर्यंत इंग्रजी अमलात नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. म्हणजे १७१२ सालचा फेब्रुवारी एप्रिलनंतर दहा महिन्यांनी आला. मूळ वहीच्या छायाचित्रात ‘१७१२/१३’ (जुन्या गणनेने १७१२, आजच्या गणनेने १७१३) असे स्पष्ट लिहिले आहे. नकलणाऱ्याने तिरकी रेघ आणि पुढचा आकडा गाळला, आणि मुलगा त्या ‘सीनियर’च्या, म्हणजे खरे तर काकाच्या, पदरात पडला.

शेवटची खात्री मृत्युपत्राने केली. बापाने मुलाचे नाव घालून शेत दिले आहे, आणि बायकोसाठी पूर्वेकडची खोली, तळघराचा निम्मा भाग, एक गाय, विहिरीवर जाण्या-येण्याची वाट, शिवाय मुलाने दर वर्षी सरपण तोडून तिच्या दाराशी आणून टाकायचे. हे वाचताना मला आमच्याकडची वाटणीपत्रे आठवली. म्हातारीला पाणी आणि जळण कमी पडू नये, ही काळजी तिथल्या शेतकऱ्यालाही होती. ते पान मी तीनदा वाचले.

‘मेफ्लॉवर’चे नाते काकाच्या बायकोकडून येत होते, त्यामुळे ते गेले. जावई दोन दिवस फारसा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच ते मृत्युपत्र छापून घेतले.

आज कितीतरी मराठी घरांत असे जावई-सुना आहेत आणि नातवंडांसाठी हे काम आजी-आजोबाच हौसेने करतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आयती वंशावळ उतरवून घेऊ नका. प्रत्येक बाप-लेकाच्या जोडीला एक तरी कागद मागा, आणि छापील नकलेवर न थांबता मूळ पान पाहा. मॅसॅच्युसेट्सची पुष्कळशी जुनी पाने ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. अक्षर लागायला आठवडा जातो, पण मोडी वाचलेल्या माणसाला त्याचे भय नाही.

नातवाच्या तक्त्यात आता त्या बापाचे नाव आहे. त्याच्या वरची चौकट कोरी आहे आणि तिच्यात नातवाने पेन्सिलीने लिहिले आहे, ‘कागद मिळालेला नाही.’

आपला,
भूमी अभिलेख खात्यातील एक निवृत्त कर्मचारी, सातारा