सही तेवढी मराठीत!

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला कंबरदुखीसाठी मणक्यात देतात त्या स्टिरॉइडच्या (सूज उतरवणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनांवरचा लेख दोनदा वाचला. डॉक्टरसाहेबांनी मेहनत घेतली आहे, आभार. धोक्यांबद्दलचे ‘अत्यंत दुर्मीळ’ हे शब्द मात्र मोजले, सहा वेळा आले. असेल दुर्मीळ, आमच्या घरी येऊन गेलं.

२०१९ साली सौ.च्या कमरेतली गादी सरकली. इंजेक्शन घेऊन संध्याकाळी घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून उठून बसली की डोकं फुटायचं, आडवी झाली की थांबायचं. फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘‘पित्त झालं असेल काका, गोळी द्या.’’ चार दिवस दिली. पाचव्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरांनी एकच विचारलं, ‘‘झोपल्यावर थांबतं का?’’ सुईने मज्जारज्जूभोवतीचं आवरण टोचलं गेलं होतं, आतलं पाणी झिरपत होतं. आठवडाभर पडून राहिली, बरी झाली. लकव्यापुढे हे काहीच नाही, मान्य. पण तो एक प्रश्न फोनवर विचारायला काय पडत होतं?

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे अगदी आत नेताना, तेही वॉर्डबॉयने विचारलं. संमतीपत्र चार पानी, इंग्रजीत. बाकावर बसून सही केली. नंतर नातवाने वाचून दाखवलं : लकवा, दृष्टी जाणे, सगळं लिहिलेलं होतं! आमची सही तेवढी मराठीत.

लेखकमहाशय, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) २०१४ मध्येच या स्टिरॉइड इंजेक्शनांबद्दल इशारा दिला होता. त्यात पक्षाघात आणि मृत्यूसुद्धा आहे. मणक्याच्या पोकळीत देण्यासाठी ही औषधं त्यांनी मंजूरच केलेली नाहीत, हेही त्यात आहे. काही स्टिरॉइडांचे कण धमनीत गेले तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून मानेतलं इंजेक्शन जास्त जोखमीचं. हे दोन ओळींत बसलं असतं. घरी आल्यावर लघवी अडली, पायातली शक्ती गेली किंवा बसायची जागा बधिर झाली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा, हे तरी लिहायचं! त्याऐवजी ‘घाबरू नका’.

लेखाखालीच पाव पान जाहिरात, ‘एका इंजेक्शनात कंबरदुखी गायब’. तिच्यात ‘दुर्मीळ’ एकदाही नाही. शिवाय तिच्यापायी शब्दकोडं गेलं. ते पुढच्या आठवड्यात तरी येणार का?

– एक जुना वाचक, सातारा