डब्याच्या तळाशी पेपर

प्रिय पक्या,

गणपतीत तुझा मेसेज आला होता, त्याला आत्ता उत्तर देतोय, शिव्या घाल. तब्येती सगळ्यांच्या ठीक, माझा गुडघा आहे तसाच. फोन करणार होतो पण ही गोष्ट फोनवर सांगता आली नसती, आणि बायकोला सांगितली तर ती नुसती हसली, तिला काय कळणार, ती तेव्हा होती कुठे.

बाबा आता आमच्याकडेच आहेत हे तुला माहितीये. डॉक्टरांनी चहाबरोबरची बिस्किटं बंद केली तेव्हापासून चहाचा कप समोर घेऊन असे बसायचे की जणू कोणीतरी गेलंय. म्हणून म्हटलं आपणच करू काहीतरी, ओट्सच्या कुकीज. मैदा नाही, साखर नाही. दोन काळी पडत आलेली केळी कुस्करायची, त्यात ओट्स, थोडं लोणी, चिरलेला खजूर, दालचिनी, आणि काका दर वर्षी तासगावहून पाठवतात ते बेदाणे. ओटीजी १८० वर. पहिला घाणा मी पार दगड केला, कारण १४ मिनिटांनी हात लावला तर मऊच लागल्या, म्हणून परत आत ढकलल्या. गरम असताना त्या मऊच असतात रे, गार झाल्या की धरतात, हे नंतर कळलं. पोरगा म्हणाला बाबा हे पक्ष्यांचं खाणं आहे. (तुझ्या लेकीचं बारावीचं काय झालं? चांगलंच झालं असणार, तिच्या आईवर गेलीये.)

पण नंतर जमल्या. दर दुसऱ्या रविवारी तीस करायचो, बाबांना दिवसाला दोन, पंधरा दिवसांचा हिशोब. ठेवायच्या कशात, तर आईच्या त्याच डालड्याच्या पिवळ्या डब्यात. हो, तोच. मे महिन्यात मैदा, डालडा, पिठीसाखर घेऊन आपण भट्टीवर जायचो आणि तो भट्टीवाला लांब दांड्याने पत्रे ओढायचा तेव्हा तू दर वेळी म्हणायचास की आपला पत्रा बदलला, त्यांची नानकटाई जास्त फुगलीये. सोड.

मागच्या महिन्यात बाबांचा साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट आला, ७.१ चा ८.३. मी आधी खजूर-बेदाण्यांवर गेलो. बघतो तर शंभर ग्रॅम बेदाण्यात साठेक ग्रॅम साखरच, द्राक्षातलं पाणी उडतं, साखर कुठे जाणार, आणि मी शहाणा घरभर सांगत होतो बिनसाखरेच्या, बिनसाखरेच्या. ओट्स साखर हळू चढू देतात हे खरं, पण वर मूठ-मूठ खजूर घातल्यावर ओट्स तरी काय करणार. बेदाणे निम्मे केले, बदाम वाढवले. तरी सकाळची साखर चढलेलीच.

मग परवा डबा घासायला काढला. वर आठ कुकीज, आणि खाली पेपर, पक्या! घड्या घालून, नीट गोल बसवलेला, म्हणजे वरून डबा भरलेला दिसावा. रविवारची पुरवणी, शब्दकोड्याचं पान, आणि कोडं सोडवलेलं, बाबांच्या अक्षरात.

१९८८ साली नानकटाई चोरून खाऊन आपण हेच केलं होतं आणि पेपर घालायची आयडिया तुझी होती, हे मी मरेपर्यंत सांगणार. तू माझं नाव सांगितलंस ते वेगळंच. तेव्हा बाबा मारतील म्हणून आपण दोघं कॉटखाली, आणि ते आले, मारलं नाही, वाकून नुसतं विचारलं, मागितलं असतं तर दिलं नसतं का? मला मारापेक्षा ते जास्त लागलं होतं, तुला आठवत असेल.

तर परवा मी डबा घेऊन त्यांच्या खोलीत गेलो आणि माझ्या तोंडून अगदी तेच निघालं, त्याच आवाजात, मागितलं असतं तर दिलं नसतं का. मला वाटलं हसतील. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "नसतं दिलंस."

बरोबरच आहे ना रे. नसतंच दिलं. मी मोजून देत होतो.

त्या दिवसापासून नीट बोलतात, जेवतात, गोळ्या घेतात, मला तेच बघवत नाही. काल चहाबरोबर दोन ठेवल्या तर एकच खाल्ली आणि दुसरी माझ्याकडे सरकवली. आता जास्त द्यावी तर साखर, न द्यावी तर हे असं. डॉक्टरांना काय विचारणार, माझे वडील पेपर घालतात?

तू नवीन घरात गेलास का, की अजून बिल्डरच्या मागे? वहिनींना नमस्कार.

त्यांना एक फोन कर. सहानंतर, फिरून आले की बरे असतात, आणि तुझं नाव काढलं की अजून 'तो लबाड' म्हणून हसतात. डब्याचा विषय काढू नकोस. काढलासच तर मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, निदान या वेळी तरी.

तुझा,
दिग्या