शिबिराला निघण्याआधी परतीची हमी: परराष्ट्र व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय: परदेशातील सेवा-शिबिरांना जाणाऱ्या भारतीय स्वयंसेवकांना आजारपणात वेळेत हलवण्याची पूर्वतयारी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये प्रॅक्टिस करणारा भूलतज्ज्ञ आहे. सुट्टी जुळली की नेपाळच्या कर्णाली भागातल्या आरोग्य शिबिरांना जातो. माझ्यासारखे अनेक आहेत. कोणी मोतीबिंदूची ऑपरेशने करायला जातो, कोणी दात तपासायला, कोणी शाळेच्या भिंती बांधायला. २०१५ च्या भूकंपानंतर तर औषधांचे खोके घेऊन मिळेल त्या वाहनाने सीमा गाठणारे कितीतरी होते.

आम्ही तिथे लोकांवर उपचार करतो. पण आमच्यातलाच कोणी पेशंट झाला तर काय, या प्रश्नाला निघण्यापूर्वीच्या बैठकीत दोन-चार मिनिटे मिळतात. "हेलिकॉप्टर मागवू की," असे कोणीतरी म्हणतो आणि चर्चा टी-शर्टच्या रंगाकडे वळते. हेलिकॉप्टर कोणाचे, ते कोण मागवणार, पैसे कोण भरणार, पेशंटला कुठे उतरवायचे, हे सगळे त्या 'की'मध्ये गुंडाळून टाकलेले असते. यात दोष आम्हा आयोजकांचाही आहे, तो सरकारवर ढकलायचा नाही. पण काही दारे अशी आहेत की ती फक्त आपल्या मंत्रालयाकडूनच उघडू शकतात. त्यांच्याबद्दल हे पत्र.

हुमला जिल्ह्याचे उदाहरण घेतो, कारण तो भाग मी पाहिला आहे. जिल्ह्याचे ठिकाण सिमीकोट. नेपाळगंजहून छोट्या विमानाने पाऊण-एक तासात तिथे पोहोचता येते. नेपाळगंज समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरवर, तर सिमीकोट तीन हजारांच्या आसपास. शरीराला उंचीवरच्या विरळ हवेची सवय व्हायला जे दोन-तीन दिवस लागतात, ते विमान एका तासात खाऊन टाकते. पुढे लिमी खोऱ्यातल्या गावांत शिबिर असेल तर मुक्काम साडेतीन हजारांच्या वर. पहिल्या रात्री डोके दुखते, दुसऱ्या रात्री झोप लागत नाही, आणि एखाद्याला तिसऱ्या दिवशी पायऱ्या चढताना धाप लागते. ती धाप बसल्यावरही थांबली नाही, खोकला सुरू झाला, ओठ निळसर दिसू लागले, तर फुप्फुसात पाणी होऊ लागले आहे असे समजायचे. ऑक्सिजन आणि निफेडिपिन या औषधाने वेळ मिळतो, मेंदूला सूज असेल तर डेक्सामेथासोन या औषधाने मिळतो. खरा उपाय मात्र एकच, माणसाला खाली नेणे. आणि ते त्याच दिवशी व्हावे लागते.

एका शिबिरात आमच्यातल्या एका तरुण परिचारिकेची अशीच अवस्था झाली. संध्याकाळ झालेली, खोऱ्यात ढग उतरलेले. डोंगरातली हेलिकॉप्टरे उजेडात आणि दिसत असेल तरच उडतात, म्हणजे रात्र काढायचीच होती. ती रात्र आम्ही ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे बघत काढली. सकाळी आकाश उघडले. हेलिकॉप्टर कंपनी म्हणाली, पैशांची लेखी हमी आल्याशिवाय उड्डाण नाही. विमा कंपनीच्या कॉल सेंटरने विचारले, "ट्रेकिंग करत होता का? किती उंचीवर?" आम्ही म्हणालो, ट्रेकिंग नाही, दवाखाना चालवत होतो. त्यांच्या यादीत तशी नोंदच नव्हती. शेवटी नाशिकमधल्या मित्रांनी क्रेडिट कार्डे एकत्र करून रक्कम भरली. तोवर उन्हे चढली होती, आणि दुपारचा वारा सुटायच्या आत जेमतेम तिला खाली आणता आले. ती बरी झाली. पुढच्या वेळी क्रेडिट कार्डांची मर्यादा पुरेल, यावर आम्ही विसंबून राहायचे का?

हेलिकॉप्टर कंपन्या हमी मागतात, हे मला समजते. २०१८ मध्ये नेपाळमध्ये बनावट बचावाचा मोठा घोटाळा उघडकीला आला. ठणठणीत ट्रेकरना आजारी ठरवून खाली आणायचे, एकाच फेरीत तिघा-चौघांना बसवून प्रत्येकाच्या विम्यातून पूर्ण भाडे काढायचे, असे काही गाइड, हेलिकॉप्टरवाले आणि रुग्णालये मिळून करत होती. त्यानंतर विमा कंपन्या प्रत्येक दाव्याकडे संशयाने बघू लागल्या. भुर्दंड पडतो तो खरोखरच धाप लागलेल्या माणसावर. तो मंजुरीची वाट बघत बसतो.

म्हणून पहिली गोष्ट हमीची. मंत्रालयाकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. संकटात सापडलेल्या गरजू भारतीयांच्या तातडीच्या उपचारांसाठी दूतावास त्यातून खर्च करू शकतो. २०१७ मध्ये त्याचे नियम आणखी सैल झाले, हे चांगलेच झाले. पण हा निधी माणूस गरजू आहे की नाही हे तपासून दिला जातो, आणि सकाळी सहा वाजता वैमानिक इंजिन सुरू करायला थांबलेला असताना ही तपासणी होऊ शकत नाही. आम्हाला दान नको आहे. आधी नोंदणी केलेल्या पथकासाठी दूतावासाने ठरावीक रकमेपर्यंत हमीपत्र द्यावे आणि ती रक्कम नंतर पथकाकडून किंवा विम्याकडून वसूल करावी. त्यासाठी अनामत ठेवायलाही आमची तयारी आहे. पैसे आमचेच असतील. फक्त काठमांडूच्या कंपनीला नाशिकच्या ट्रस्टपेक्षा भारतीय दूतावासाचा शिक्का लवकर कळतो.

दुसरी गोष्ट ओळखीची. सरकारच्या नोंदींत आम्ही नेमके कोण आहोत? १९८३ चा उत्प्रवास कायदा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांचा आहे. आखातात जाणाऱ्या कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांच्या २७५ रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे कवच मिळते, आणि ते मिळायलाच हवे. विद्यार्थ्याची विद्यापीठात नोंद असते, यात्रेकरूची यात्रा कंपनीकडे. स्वयंसेवक मात्र कागदावर पर्यटक. त्यातून नेपाळला व्हिसा नाही, रस्त्याने गेल्यास पासपोर्टही लागत नाही, म्हणून कुठल्या खोऱ्यात किती भारतीय आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. १९८३ चा कायदा बदलण्याची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. नव्या कायद्यात 'विनामोबदला सेवेसाठी जाणारे पथक' अशी एक वेगळी व्याख्या घातली, तर बाकीचे पुष्कळ प्रश्न तिथूनच सुटू लागतील.

नोंद असली की काय होऊ शकते, हे सिमीकोटनेच दाखवले आहे. जुलै २०१८ मध्ये खराब हवामानामुळे मानसरोवरचे सुमारे १५०० भारतीय यात्रेकरू सिमीकोट, हिल्सा आणि तिबेटच्या बाजूला अडकले होते. तेव्हा मंत्रालयाने यात्रेकरूंना टप्प्याटप्प्याने खाली आणवले, नातेवाइकांसाठी तमीळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममधून हॉटलाइन सुरू केल्या. फोन उचलणारा माणूस आपल्या भाषेत बोलला की घरच्यांचा अर्धा घोर जातो. (मराठीची सोय पुढच्या वेळी व्हावी, एवढेच नोंदवतो.) ऑगस्ट २०२४ मध्ये नेपाळच्या तनहूँ जिल्ह्यात बस मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळून २७ जण गेले, त्यांत बहुतेक जळगाव जिल्ह्यातले भाविक होते, तेव्हाही वायुदलाचे विमान पाठवून मृतदेह महाराष्ट्रात आणले गेले. दुर्घटना मोठी असली की यंत्रणा धावते. एकटा स्वयंसेवक एका खोलीत धापा टाकत असतो तेव्हा ती बातमी नसते. तिथे उपयोगी पडते ती आधी करून ठेवलेली व्यवस्थाच.

आता संपर्काबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण हा विषय दोन मंत्रालयांच्या मध्ये पडून राहिला आहे. मोबाइलला रेंज नसलेल्या दरीतून आजाऱ्याचे नेमके ठिकाण आणि अवस्था कळवणारी उपग्रह-संदेश यंत्रे तळहातात मावतात. जगभरातली पथके ती सर्रास वापरतात. आपल्याकडे मात्र दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय असे उपकरण बाळगणे गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडाच्या एका महिला धावपटूला असेच यंत्र जवळ असल्यामुळे गोव्याच्या विमानतळावर अडवून कारवाई केली गेली, ही बातमी आपल्या वाचनात आली असेल. सुरक्षेची कारणे मला मान्य आहेत. समुद्रातून आलेले हल्लेखोर उपग्रह फोनवर बोलत होते, हे मुंबईला सांगावे लागत नाही. पण नाशिकचे पथक ते यंत्र भारतात कायदेशीरपणे विकत घेऊन काठमांडूला नेऊ शकत नाही आणि नेपाळमध्ये उतरल्यावर तिथली वेगळी परवानगी शोधावी लागते. परिणाम असा की बहुतेक पथके बिनसंपर्काची जातात. दूतावासाने काही यंत्रे स्वतःच्या नावावर ठेवून नोंदणीकृत पथकांना तिथेच भाड्याने द्यावीत. आमच्याकडून पत्ता, सही, अनामत, जे हवे ते घ्यावे. भारताच्या हद्दीत यंत्र येणारच नाही, म्हणजे सुरक्षेचा प्रश्नही उरत नाही.

ओळखपत्राचाही घोळ आहे, पण तो लवकर सुटण्याजोगा. रस्त्याने नेपाळात गेलेला माणूस खिशात फक्त आधार कार्ड ठेवून आजारी पडला, तर त्याला विमानाने परत आणताना अडचण येते, कारण विमानप्रवासाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. प्रत्येक पथकाला हे निघण्याआधी लेखी सांगितले तरी पुरे.

आणि पेशंटला न्यायचे कुठे? कर्णालीतल्या पथकाला काठमांडूपेक्षा लखनौ सोयीचे पडते. सिमीकोटहून नेपाळगंज, तिथून रुपईडिहाची सीमा, मग लखनौ. सीमेपासून लखनौ गाडीने चार-पाच तासांवर. रुपईडिहाला जून २०२३ मध्ये एकात्मिक तपासणी नाका सुरू झाला. म्हणजे रस्ता आहे, नाका आहे, टोकाला मोठी रुग्णालये आहेत. फक्त त्यांची एकमेकांशी गाठ घालून दिलेली नाही. मध्यरात्री नेपाळी अ‍ॅम्ब्युलन्स थेट लखनौपर्यंत जाईल की सीमेवर पेशंट बदलून घ्यायचा? बदलायचा तर पलीकडे गाडी कोण उभी करणार? ऑक्सिजन चालू असलेल्या माणसाचे कागद नाक्यावर किती वेळ तपासले जाणार? या प्रश्नांची उत्तरे त्या क्षणी ड्युटीवर असलेल्या हवालदाराच्या चांगुलपणावर अवलंबून आहेत. हवालदार चांगले असतातही. तरी एक लेखी आदेश असावा.

भारताने नेपाळला हजाराहून अधिक अ‍ॅम्ब्युलन्स भेट दिल्या आहेत, काठमांडूचे ट्रॉमा सेंटर उभारून दिले आहे, धरानच्या कोईराला आरोग्य विज्ञान संस्थेला हातभार लावला आहे. पोखरा आणि धरानला गोरखा माजी सैनिकांसाठी आपली निवृत्तिवेतन कार्यालये आहेत, बीरगंजला वाणिज्य दूतावास आहे. एवढे जाळे दुसऱ्या कुठल्याही देशात आपल्याकडे क्वचितच असेल. यातल्या एकेका ठिकाणी 'स्वयंसेवक संपर्क' म्हणून एक अधिकारी नेमून द्यायला नवी इमारत लागत नाही.

ब्रिटनने २००७ मध्ये परदेशातील मोहिमा, क्षेत्रकार्य आणि साहसी उपक्रमांसाठी एक मानक तयार केले आणि २०१४ मध्ये सुधारले. त्याचा क्रमांक एव्हरेस्टच्या उंचीवरून, ८८४८. त्यातला मला सर्वांत पटलेला भाग असा की सबंध मोहिमेची जबाबदारी एकाच संस्थेवर असते. स्थानिक ठेकेदार, गाइड, गाडीवाला, कोणाकडेही बोट दाखवून तिला सुटता येत नाही, आणि आणीबाणीचा आराखडा आधी तयार असावा लागतो. आपल्याकडे महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण केले, पण ते राज्याच्या सीमेत. सीमेबाहेर नेणाऱ्यांना कोणी काही विचारत नाही. 'अनुभव मिळेल, प्रमाणपत्र मिळेल' म्हणत कॉलेजच्या मुलांकडून पैसे घेऊन त्यांना डोंगरात नेणाऱ्यांचा धंदा वाढतो आहे. त्यांना एकदा तरी विचारले जावे: पेशंट खाली कसा आणणार? सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते? रात्री बारा वाजता फोन कोण उचलेल?

इथे एक भीतीही बोलून दाखवतो. परवान्यांचे जंगल माजले तर प्रामाणिक छोट्या संस्था आधी गळतील, आणि एजंट मात्र कागद बरोबर जमवतील. म्हणून परवाना नको, नोंदणी पुरे. एक पानी आराखडा, प्रत्येकाचा रक्तगट, आजार आणि घरचा नंबर, हलवण्याचा खर्च आणि उंची दोन्ही धरणारा विमा. हा विमा बाजारात सहज मिळत नाही. बहुतेक पॉलिसींत उंचीची मर्यादा असते किंवा 'साहसी' या सदराखाली सगळेच वगळलेले असते. 'आरोग्य संजीवनी'सारखी प्रमाणित पॉलिसी विमा नियामकाने आणली होती, तशी स्वयंसेवकांसाठी आणायला आपण अर्थ मंत्रालयाला सांगू शकता.

सगळे एकदम होणार नाही. नेपाळमधली शिबिरे पावसाळा संपल्यावर, दशैं आणि तिहारच्या, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीच्या, सुट्ट्यांनंतर जोरात सुरू होतात. त्याआधी निदान सिमीकोट ते लखनौ ही एक साखळी कागदावर यावी: दूतावासातला एक नंबर, हमीपत्राचा एक नमुना, रुपईडिहाच्या नाक्याला एक आदेश. एका हंगामात ती चालवून बघावी, चुका दिसतील त्या दुरुस्त कराव्यात, मग दुसऱ्या खोऱ्यांचा आणि दुसऱ्या देशांचा विचार करावा. आमच्या पथकाने या मार्गाचा आराखडा तयार केला आहे. टप्पे, अंतरे, ऑक्सिजनचा हिशेब आणि औषधांची यादी त्यात आहे. तो आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. त्यावर चर्चेला बोलावले तर दिल्लीला स्वखर्चाने येऊ, फक्त तारीख आठवडाभर आधी कळावी. ऑपरेशनच्या याद्या हलवाव्या लागतात.

कळावे.

आपला,
एक स्वयंसेवी भूलतज्ज्ञ, नाशिक