ठसे तिसरीतल्या पोराचे, अडीच हजार रुपये पालकांचे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला बोटांच्या ठशांवरून मुलांचा कल ओळखण्याचा लेख वाचला आणि सोमवारचा चहा कडू झाला. लेखिकाबाईंना डीएमआयटी या ठसे घेऊन बुद्धी नि कल सांगणाऱ्या चाचणीचं कौतुक असेल, असो बापडं. पण या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय. ही एक ओळ छापायला जागा नव्हती? ठशांच्या रेषा मूल पोटात असतानाच पक्क्या होतात. पुढे ते कोणत्या शाळेत जातं, त्याला कोण शिकवतं, याचा त्या रेषांना काय पत्ता!

तावातावाने लिहितेय, कारण हे आमच्या घरात घडलंय. नातवाच्या शाळेने (नाव कशाला घ्या) तिसरीच्या सगळ्या मुलांचे ठसे घेतले, पालकांकडून अडीच हजार घेतले आणि गुळगुळीत कागदावरचा रंगीत अहवाल हातात ठेवला. पोरगा म्हणे ‘व्हिज्युअल लर्नर’, म्हणजे बघून शिकणारा. पालकसभेत बाईंनी सुनेला सांगितलं, ‘‘त्याला पाढे पाठ करायला लावू नका, त्याचा तो पिंड नाही. घरी चार्ट लावा.’’ लावला, फ्रिजवर. आता सात आठे किती विचारलं की पोरगा फ्रिजकडे बघतो.

एखाद्याला चित्रं आवडत असतील, एखाद्याला ऐकायला. पण त्या आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, याचा पुरावा मानसशास्त्रज्ञ पाश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये धुंडाळला; धड काही हाती लागलं नाही. ज्यांच्या नावावर हा माल खपतो, ते बुद्धीचे अनेक प्रकार मांडणारे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनरसुद्धा म्हणतात की माझ्या बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत. उलट, पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून बघितलेलं आठवड्यानंतरही जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोग करून दाखवलं. आमचे आजोबा दिवेलागणीला परवचा म्हणायला बसवायचे, ते दुसरं काय होतं?

मी सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत होते. दुसरे गुरुजी बहुतेक वेळा मतदार याद्यांच्या मागे, त्यामुळे पहिली ते चौथी एकाच खोलीत. फळ्यावर चौथीचा भागाकार चालायचा आणि मागे दुसरीतली एक मुलगी चिंचोक्यांचे ढीग लावून तोच करून बघायची. चुकली की चौथीतली तिची चुलतबहीण सगळे ढीग हाताने मोडायची आणि त्यांच्या बोलीत काहीतरी दटावून पुन्हा मांडायला लावायची. मला त्यातलं निम्मंच कळायचं. पोरगी डोळ्यांनी बघायची, हातांनी मांडायची, तोंडाने मोजायची. आता हिला कोणत्या रकान्यात घालायचं, ते लेखिकाबाईंनी सांगावं.

आणि हो, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालाय. आमच्या नातवाची बस साडेसहालाच इंदिरानगरच्या बोगद्यात असते आणि पोरगा दप्तरावर डोकं टाकून झोपलेला. यावर आपल्या अंकात चार ओळी याव्यात. पुढच्या वेळी ठशांवर लेख छापाल, तेव्हा त्याच्याच खाली ठसेवाल्यांची अर्धपानी जाहिरात तेवढी नको.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
इंदिरानगर, नाशिक