सुट्टीतल्या लोकरखरेदीचा बेत

प्रिय वसू,
सप्रेम नमस्कार.

लोकरीची दुकानं धुंडाळायची आणि संध्याकाळी दोघींनी सुया घेऊन बसायचं, हा बेत पक्का समज. फक्त एक गोष्ट आतापासूनच डोक्यात ठेव. सुट्टीतल्या दुकानात पुन्हा जाता येत नाही. एक गुंडा कमी पडला की स्वेटर एका बाहीवर अडतो. म्हणून एरवी घरी निवांत बसून करतो तो सगळा हिशेब तिथे काउंटरपाशी उभ्याउभ्याच करावा लागणार.

हिशेब मीटरचा करायचा, वजनाचा नाही. जाडीची नावं प्रत्येक कंपनी थोडी आपल्या मर्जीने लावते, तेव्हा लेबलवर १०० ग्रॅमला किती मीटर ते आधी बघ. ४०० च्या आसपास असेल तर ती मोज्यांची बारीक लोकर, २२० च्या आसपास म्हणजे डीके, मध्यम जाडीची. मोठ्या माणसाच्या मोज्यांच्या एका जोडीला बारीक लोकर १०० ग्रॅम पुरते, टोपीला डीके १०० ग्रॅम पुरून उरते. मध्यम मापाच्या साध्या स्वेटरला डीके १२०० मीटर धर. वेण्यांचा नमुना असेल तर आणखी पाचवा हिस्सा वाढव, कारण वेणीत टाके एकमेकांवर चढतात आणि रुंदी आवळते. वर एक गुंडा जास्तीचा घ्यायचाच. ही उधळपट्टी नव्हे.

रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या घाण्याचा नंबर असतो, तो सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना हे स्वतः बघ, दुकानदाराच्या भरवशावर राहू नकोस. वेगळा लॉट ट्यूबलाइटखाली ओळखू येत नाही, उन्हात मात्र छातीवर सरळ आडवा पट्टा दिसतो. हाताने रंगवलेल्या लोकरीत तर एकाच लॉटच्या दोन लड्याही जुळत नाहीत. तिथे दोन लड्या एकदम चालवायच्या, दोन ओळी हिच्या, दोन तिच्या, म्हणजे फरक मिसळून जातो.

लोकर टोचते का ते बोटांना कळत नाही, गळ्याला लावून बघ. हाताला सगळ्यात मऊ लागते ती बहुधा सैल पिळाची, एकेरी धाग्याची, आणि तिलाच लवकर गोळे येतात. शालीला चालेल, मोज्यांना अजिबात नको. मोज्यांसाठी घट्ट पिळाची, ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असलेली घे. लेबलवर सुपरवॉश लिहिलेलं असेल तर ती मशीनमध्ये आटून जाड होत नाही, पण ओली झाली की लांबते. हे ठाऊक नसलं की बेतात बसणारा स्वेटर पहिल्या धुण्यात मांड्यांपर्यंत येतो.

म्हणून पहिल्या संध्याकाळी फक्त माप बघायला एक छोटा तुकडा विणायचा. मला ठाऊक आहे तुला कंटाळा येतो, तरी विणायचा. स्वेटरच्या छापील नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके दिले असतील तर निदान ३० टाके घाल, कारण कडेचे टाके ताणलेले असतात, मापायचं मधेच. तुकडा भिजव, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढ, सपाट वाळू दे आणि मगच माप घे. २२ ऐवजी २० भरले तर १०० सेंटिमीटरच्या घेरासाठी घातलेले २२० टाके ११० सेंटिमीटर होतील. अशा वेळी पाव किंवा अर्धा मिलिमीटर बारीक सुई घ्यायची. हात मुद्दाम आवळून विणू नकोस, गप्पा सुरू झाल्या की तो पुन्हा सैल पडतो.

लडी आणलीस तर गुंडा केल्याशिवाय विणायला बसायचं नाही. दोघी आहोत, त्यामुळे हे काम सोपं. लडीचा पीळ सोडून मोठं वेढं मोकळं कर आणि एकदा झटक. दोऱ्याच्या तीन-चार गाठी दिसतील, त्यातल्या एकीत लोकरीची टोकं अडकवलेली असतात. ती गाठ सगळ्यात शेवटी काप. एकीने वेढं दोन्ही हातांवर ताणून धरायचं, अंगठे वर, आणि धागा ज्या बाजूने सुटतो तो हात किंचित कलता करायचा. दुसरीने धाग्याखाली तीन बोटं ठेवून गुंडाळायचं आणि दर पंचवीसेक वेढ्यांनी बोटं काढून दिशा बदलायची. बोटं ठेवली नाहीत तर गुंडा घट्ट होतो, लोकर ताणलेलीच विणली जाते आणि धुतल्यावर आकसते. धागा अडला तर ओढायचा नाही, त्याच्यावरून कोणता वेढा गेलाय ते बघून त्याच्या खालून काढायचा.

प्रवासाला काम निवडताना जाळीदार शाल घरी ठेव. गप्पा मारत मोजणं होत नाही. गोल विणलेली टोपी उत्तम, त्यासाठी दोन टोकं वायरीने जोडलेली गोल सुई, टोकापासून टोकापर्यंत ४० सेंटिमीटरची. पण गोल जोडताना टाके वायरीवर पिळले गेले तर पुढे उसवण्यावाचून इलाज नाही. तेव्हा आधी दोन ओळी सपाट विण, मग जोड. तोवर काठ रुंद होतो आणि पीळ लगेच दिसतो. खालची छोटी फट सुरुवातीच्या टोकाने शिवून टाकता येते. टाका सुटला तर क्रोशाची सुई त्यात घालून वरचे आडवे धागे खालून एकेक ओढून घे.

विमानात सुया चालतात का ते त्या विमान कंपनीलाच विचार, लाकडी किंवा बांबूच्या असलेल्या बऱ्या. गळ्यात घालायचा गोल दोराकापू मोठ्या बॅगेत टाक, त्यात पातं असतं. तपासणीच्या आधी सगळ्या टाक्यांतून गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेव, सुया काढून घेतल्याच तरी काम सुटणार नाही.

माझ्याकडे २.५ आणि ४ मिलिमीटरच्या सुया आहेत. तू ३.५, ३.७५ आणि ४.५ घेऊन ये, आणि मोजपट्टी तुझीच आण, माझी कापडी होती ती ताणली गेली आहे.

तुझी,
मीरा