बाळ्या, पोट किती धरू?

बेळगाव

प्रिय बाळ्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून चिडला असशील. चीड, खरं आधी हे वाच. आबांची साखर आटोक्यात आहे, आईचं बरं चाललंय, माझा गुडघा होता तसाच.

शिवजयंतीच्या चित्ररथातल्या घोड्याच्या पोटावरनं आपण भांडलो होतो, ते भांडण परत उभं राहिलंय आणि समोर तू नाहीस. खानापूरकडच्या एका शाळेला विज्ञानाच्या हॉलात छताला टांगायला मेगॅलोडॉन पाहिजे, म्हणजे लाखो वर्षांपूर्वीचा तो राक्षसी शार्क. फायबरचा, 20 फुटी. हेडसरांची अट एकच, दात दिसले पाहिजेत. दातांचं काही नाही रे, दात तर ढिगानं सापडलेत, 18 सेंटिमीटरपर्यंतचे. मी अडलोय धडापाशी.

शार्कला हाड नसतं. परवा मार्केटातनं मोरी (छोटा शार्क) आणली आणि वैनी ओरडत असताना तिचा अख्खा कणा सोडवून बघितला. सगळी कूर्चा. मेल्यावर ती कुजून जाते, दगडात राहतात ते दात आणि चुना भरलेले मणके. एवढ्यावरनं अख्खा प्राणी उभा करायचा! 1909 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये बॅशफोर्ड डीननं जबडा मांडला. कडेचे दात खरं तर लहान असतात, त्यानं सगळीकडे मोठेच लावले आणि जबडा अवाच्या सव्वा झाला. आपल्या मंडळानं हेच केलं असतं आणि तू टाळ्या पिटल्या असत्यास.

त्यातल्या त्यात मोठा आधार म्हणजे बेल्जियमचा एक कणा. एकाच माशाचे 141 मणके, ब्रुसेल्सला ठेवलेत. 2022 मध्ये त्याच्यावरनं संगणकात पूर्ण शरीर बांधलं, मांस भरायला नमुना धरला पांढऱ्या शार्कचा. निघाला 16 मीटरचा, 61 टनांचा धिप्पाड गडी, जठर जवळपास 10,000 लिटरचं. आठ मीटरचा किलर व्हेल पोटात जाईल एवढं. मी त्याच मापानं सळ्या कापायला काढल्या होत्या.

मग 2024 चा निबंध हाती आला. लक्ष देऊन वाच, हे तुलाच कळेल. त्या कण्यातला सगळ्यात जाड मणका 15.5 सेंटिमीटरचा. पांढऱ्या शार्कच्या प्रमाणात एवढ्या मणक्याचा मासा नाकापासून शेपटीपर्यंत 9.2 मीटर भरतो. आणि इथं नुसता कणाच 11.1 मीटर! डोकं नाही, शेपटीचं टोक नाही, तरी कणा अख्ख्या माशाहून लांब. म्हणजे अंग पांढऱ्या शार्कपेक्षा लांबट आणि सडसडीत असणार. तशी दोघांची कुळंही वेगळी आहेत. 2025 मध्ये तीच माणसं आणखी पुढं गेली. डेन्मार्कला 23 सेंटिमीटरचा मणका मिळालाय, त्यावरनं 24.3 मीटर आणि 94 टन, ठेवण सडसडीत लेमन शार्कसारखी.

पोट बदललं की सगळं जगणंच बदलतं. 2022 चा गडी तासाला पाच किलोमीटरनं फिरतो, 2025 चा दोन ते साडेतीननं. 2023 मध्ये दातांच्या रसायनावरनं निघालंय की त्याचं अंग भोवतालच्या पाण्याहून सुमारे 7 अंशांनी गरम असायचं. असली भट्टी पेटती ठेवायची तर खायला किती लागत असेल! छत्तीस लाख वर्षांपूर्वी तो संपला, त्यामागं ही भूकही असेल असं म्हणतात, आणि मला ते पटतं.

हेडसरांना मी दोन्ही चित्रं दाखवली. त्यांनी जाड्यावर बोट ठेवलं. ‘भरदार दिसतंय.’ अगदी तुझं वाक्य! घोडा लांबनं भरदार दिसायला पाहिजे म्हणून तू बरगड्या पुरल्यास, आणि आबा मिरवणुकीत म्हणाले, गाभण आहे काय? बाळ्या, या पोरांनी समुद्र बघायचा म्हणजे चोर्ला उतरून गोव्याला जायचं. मी टांगीन तोच मेगॅलोडॉन त्यांच्या डोक्यात जन्मभर राहणार. म्हणून मला झोप लागत नाही.

मी सडसडीतच करणार. 24 मीटरचं एक चतुर्थांश म्हणजे जवळजवळ 20 फूट. शेजारी पिल्लू टांगेन. जन्मतानाच ते पावणेचार मीटरच्या आसपास असायचं, म्हणजे माझ्या मापात तीन फूट. हेडसरांना भरदारपणा तिथं मिळेल. शेपटीचा आकार कुणालाच सापडलेला नाही, ती मी साधीच ठेवतो.

तुझी बदली झाली काय? थोरल्याचा निकाल कळव. पुण्यात घर घेताय असं काकी म्हणाल्या, अभिनंदन.

आता कामाचं. एवढं लांब आणि बारीक धड दोनच हुकांवर टांगलं तर मधे झोळ पडेल. कण्याला पाइप घालू की दोन सळ्या वेल्डिंग करून घेऊ? आधी सांगाडा की आधी आकार हे आपलं जुनं भांडण आत्ता काढू नकोस, नुसतं उत्तर दे. गणपतीच्या आधी मला साचा ओतायचाय.

तुझा,
अण्णू