रविवारची सर्दी

पुणे, रविवार रात्र

ती. आई आणि ती. अण्णांना साष्टांग नमस्कार.

आई, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "आवाज असा बारीक का यायलाय?" मी म्हणाले, सर्दी. त्याच्या आदल्या रविवारीही सर्दीच होती. खरं सांगते, दुपारचा चहा झाला की माझ्या पोटात गोळा येतो. उद्याची मिटिंग, न उघडलेले मेल, साहेबांचा चेहरा. कपड्यांना इस्त्री होईपर्यंत मनातल्या मनात सोमवार तीनदा पार पडतो आणि तिन्ही वेळा मी नापास.

खोलीतल्या मैत्रिणीनं उपाय सांगितला. चांगली वाक्यं रोज स्वतःला ऐकवायची. आरशाला चिठ्ठी चिकटवली: 'माझ्यात भरपूर आत्मविश्वास आहे. मला सोमवार आवडतो.' आठवडाभर म्हटलं. आधी हसू यायचं, मग जास्तच वाईट वाटायचं. नंतर वाचलं, की हे माझ्या एकटीचं नाही. 2009 साली कॅनडातल्या संशोधकांना असंच दिसलं होतं. ज्यांचा स्वतःवर मुळातच भरवसा कमी, त्यांना स्वतःची अशी तारीफ करायला लावली की ते आणखी खट्टू व्हायचे.

ही पद्धत गाजवली ती एमिल कुए नावाच्या फ्रान्समधल्या एका औषधवाल्यानं, शंभर वर्षांपूर्वी. 'दिवसेंदिवस मी सगळ्या बाजूंनी बरा होत चाललोय' हे सकाळी उठताना आणि रात्री झोपताना 20 वेळा पुटपुटायचं. मोजायला काय, तर 20 गाठींची दोरी! आई, तुझी माळ 108 मण्यांची, त्याचं आपलं विसावर भागायचं.

आणि अण्णा, तेव्हा तुम्ही आठवलात. रविवारी संध्याकाळी ओसरीवर बसून तुम्ही खाकी शर्टाचा बिल्ला चिंचेनं घासायचात. सोमवारची पहिली गंगाखेड गाडी तुमची असायची, पायरीवर माणसं लोंबकळायची. मी विचारलं होतं, एवढ्या गर्दीची भीती नाही वाटत? बिल्ल्यावरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "सगळी गर्दी एकदम थोडीच चढते बाई? पुढच्या थांब्यावर किती, तेवढं बघायचं."

चिठ्ठी बदलली. आता तिच्यावर दोनच ओळी आहेत. 'मागच्या सोमवारीही असंच वाटलं होतं, अकरापर्यंत ओसरलं.' आणि 'उद्या साडेनऊची मिटिंग, तेवढं बघायचं.' दोन्ही खरं आहे, त्यामुळं मन हुज्जत घालत नाही. गोळा अजून येतो. पण दोन-दोन वाजेपर्यंत छताकडं बघत पडणारी मी आता साडेअकराला झोपते. गेल्या रविवारी मात्र साहेबांनी रात्री नऊला मेल टाकला आणि सगळं मुसळ केरात. वाक्यांनी साहेब सुधारत नाहीत.

हे वाचून लगेच "नोकरी सोड, परभणीला निघून ये" म्हणू नका. तशी वेळ आली तर मीच सांगेन.

आई, तुझी तुळशीची माळ तुटली होती, ती ओवून घेतलीस का? नसेल तर मणी डबीत जपून ठेव. सुट्टीत आले की मीच ओवून देते, दोरा इथून घेऊन येते.

तुमची,
ताई